एनएलआरपी-३ प्रथिन आणि शरीरातील दाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थी, शिक्षक, आरोग्यसेवक आणि घरात गाऊटचा, सिकलसेलचा किंवा वारंवार ताप येणारा रुग्ण असलेली मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वरवर पाहता हे प्रश्न वेगवेगळ्या आजारांचे आहेत; पण त्यांतील बहुतेक दाह (इन्फ्लमेशन) पेटवणाऱ्या एनएलआरपी-३ या एकाच प्रथिनापाशी येऊन पोहोचतात. हे प्रथिन विशिष्ट जंतू ओळखत नाही, पेशीची बिघडलेली घडी ओळखते. संसर्गात ते आपल्याला वाचवते आणि जंतूचा मागमूस नसतानाही सांधा लाल करून सोडते, याचे कारण तेच आहे.

हे प्रथिन नेमके काय आहे आणि ते कोठे असते?

एनएलआरपी-३ हे १,०३६ अमिनो आम्लांच्या साखळीचे प्रथिन असून त्याचे जनुक पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेच्या टोकाजवळ आहे. रक्तातील मोनोसाइट आणि ऊतींमधील महाभक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, यांच्या पेशीद्रवात ते प्रामुख्याने आढळते. त्याचे तीन भाग आहेत. पुढचा भाग साखळीतील पुढच्या प्रथिनाला पकडतो, मधला भाग एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूला बांधून आकार बदलतो आणि मागचा वळणदार भाग शांत अवस्थेत त्याला आवरून धरतो. शांत असताना त्याचे अनेक रेणू एकमेकांत अडकून निष्क्रिय गट करून राहतात.

या जनुकातील दोष २००१ मध्ये अमेरिकेतील हॅल हॉफमन यांच्या गटाने थंडीमुळे ताप येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करताना शोधला. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे युर्ग चॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, याच कुळातील दुसऱ्या एका प्रथिनावर काम करताना, दाह पेटवणाऱ्या अशा प्रथिनसंचाला ‘इन्फ्लमासोम’ हे नाव दिले.

दाह सुरू होण्यासाठी दोन संकेत लागतात असे म्हणतात. एक का पुरत नाही?

विहिरीवरच्या मोटरीचे उदाहरण घ्यावे. थ्री-फेज लाइट आली म्हणून लगेच पाणी पडत नाही. स्टार्टरचे बटण दाबावे लागते. आणि लाइटच नसेल तर बटण कितीही दाबले तरी उपयोग नाही. या पेशींचेही तसेच आहे.

पहिला संकेत म्हणजे तयारी. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या कवचातील एंडोटॉक्सिन हा पदार्थ पेशीच्या बाहेरच्या आवरणावरील टीएलआर-४ या ग्राहक प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटतो. त्यानंतर एमवायडी-८८ या मध्यस्थ प्रथिनामार्फत निरोप आत जातो आणि एनएफ-कप्पा-बी हा नियंत्रक केंद्रकात शिरून ठरावीक जनुके चालू करतो. त्यातून एनएलआरपी-३चे प्रमाण वाढते आणि इंटरल्युकिन-१ बीटा या दाहाचा निरोप नेणाऱ्या प्रथिनाचा कच्चा, निष्क्रिय साठा तयार होतो. इथपर्यंत दाह झालेला नसतो.

दुसरा संकेत पेशीला प्रत्यक्ष इजा होत असल्याचा असतो. फुटलेल्या शेजारच्या पेशीतून सांडलेले एटीपी, जिवाणूचे छिद्र पाडणारे विष, युरिक अॅसिडचे स्फटिक, सिलिकाचे कण, कोलेस्टेरॉलचे स्फटिक यांपैकी काहीही तो देऊ शकते. दोन्ही संकेत मिळाल्याखेरीज साठा बाहेर पडत नाही. आपल्या आतड्यात, तोंडात आणि त्वचेवर जिवाणूंचे तुकडे सतत असतात. एका संकेतावर काम चालले असते, तर आपण रोजच तापाने फणफणलो असतो.

इतक्या भिन्न गोष्टी एकच प्रथिन कसे ओळखते?

ते त्या गोष्टींना थेट ओळखत नाही, आणि मला हा या विषयातील सर्वांत सुंदर भाग वाटतो. एटीपीचा रेणू आणि वाळूचा कण यांच्यात रासायनिकदृष्ट्या काहीही साम्य नाही. साम्य त्यांच्या परिणामात आहे. पेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण लिटरला सुमारे १४० मिलिमोल असते आणि बाहेर रक्तद्रवात ते जेमतेम ४ ते ५ असते. हा फरक टिकवण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. आवरणाला भोक पडले किंवा विशिष्ट मार्गिका उघडली की पोटॅशियम बाहेर वाहू लागते, आणि आतले प्रमाण पुरेसे घसरले की एनएलआरपी-३ सक्रिय होते. एटीपी हे पी-२-एक्स-७ नावाची मार्गिका उघडून करते. स्फटिक आणि कण पेशी गिळते खरी, पण ते तिच्या पाचक पिशवीला, म्हणजे लायसोसोमला, आतून फाडतात आणि शेवट पोटॅशियम गळण्यातच होतो.

याखेरीज पेशीतील गोल्गी यंत्रणेचा एक भाग विखुरतो आणि त्याच्या तुकड्यांवर एनएलआरपी-३ जमा होते, असे २०१८ मध्ये दाखवले गेले. त्याआधी २०१६ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी नेक-७ हे जोडीदार प्रथिन शोधले. अडकून बसलेल्या रेणूंना सक्रिय आकारात आणण्यासाठी ते मदत करते. पोटॅशियम न गळताही एनएलआरपी-३ चेतवणारी काही मोजकी रसायने आहेत, त्यामुळे ‘पोटॅशियम हेच एकमेव कारण’ असे परीक्षेच्या उत्तरात लिहू नये.

सक्रिय झाल्यावर पेशीच्या आत काय घडते?

एनएलआरपी-३चे रेणू चकतीसारखे एकत्र येतात आणि एएससी या जोडणाऱ्या प्रथिनाला बोलावतात. एएससीचे रेणू एकमेकांवर रचत जाऊन धागे बनतात आणि ते धागे गुंडाळून एक ठिपका तयार होतो. साधारण एका मायक्रोमीटरचा हा ठिपका एका पेशीत बहुधा एकच असतो. त्या ठिपक्यावर कॅस्पेज-१ हे कातरणारे विकर (एन्झाइम) जमते, त्याचे रेणू एकमेकांना कापून जागे होतात आणि मग दोन महत्त्वाची कामे करतात.

पहिले काम म्हणजे इंटरल्युकिन-१ बीटाच्या ३१ किलोडाल्टनच्या कच्च्या रूपातून १७ किलोडाल्टनचे कार्यक्षम रूप कापून काढणे. इंटरल्युकिन-१८लाही तेच मोकळे करते. दुसरे काम गॅसडर्मिन-डी या प्रथिनाला मधोमध कापण्याचे. त्याचा अर्धा तुकडा आवरणात जाऊन सुमारे २० नॅनोमीटर व्यासाचे छिद्र पाडतो. हे गॅसडर्मिनचे काम २०१५ मध्ये उघड झाले, आणि त्यामुळे इंटरल्युकिन-१ बीटा पेशीबाहेर कसे पडते या अनेक वर्षांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले. छिद्रे फार झाली की पेशी फुगून फुटते. या मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात. पेशी शांतपणे आटोपते त्या मृत्यूपेक्षा हा वेगळा आहे, कारण फुटताना ती आपल्या आतला सगळा मजकूर शेजाऱ्यांवर सांडते आणि दाह पसरतो.

केळ्यात पोटॅशियम भरपूर असते. मग केळी खाल्ल्याने दाह कमी होईल का?

रावेर-यावल पट्ट्यातून हा प्रश्न येणे साहजिक आहे, आणि त्यामागचा तर्क चुकीच्या दिशेचा नाही. प्रयोगशाळेत पेशींभोवतीच्या द्रवात पोटॅशियम मुद्दाम खूप वाढवले, तर आतले पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि एनएलआरपी-३ खरोखरच थांबते. पण त्यासाठी द्रवातील प्रमाण नेहमीच्या दसपट किंवा त्याहून अधिक करावे लागते. माणसाच्या रक्तातील पोटॅशियम मूत्रपिंडे साधारण ३.५ ते ५ मिलिमोलच्या मर्यादेत राखतात. ते ७च्या पुढे गेले तरी हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. निरोगी माणसाने कितीही केळी खाल्ली तरी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम लघवीवाटे काढून टाकतात. केळे उत्तम फळ आहे, ते दाहावरचे औषध नाही. ज्यांची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत किंवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांनी मात्र केळी डॉक्टरांना विचारूनच खावीत.

गाऊटमध्ये जंतू नसतो, तरी अंगठा एका रात्रीत इतका का सुजतो?

रक्तात युरिक अॅसिड डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळून राहते. त्यापुढे ते सोडियम युरेटच्या स्फटिकांच्या रूपात बाहेर पडू लागते, आणि पायाच्या अंगठ्याचा सांधा शरीरातील तुलनेने थंड सांध्यांपैकी असल्यामुळे तेथे ते आधी साचते. सुजलेल्या सांध्यातून सुईने काढलेला एक थेंब ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा सुया चमकताना दिसतात. त्यांतील कित्येक पांढऱ्या पेशींच्या आत शिरलेल्या, काही तर पेशी आरपार छेदून गेलेल्या असतात. प्रकाशाच्या संदर्भ अक्षाला समांतर असलेली सुई पिवळी दिसते आणि आडवी असलेली निळी. गाऊटचे निदान पक्के करण्याची हीच सर्वांत खात्रीची पद्धत आहे.

ही सुई गिळलेल्या महाभक्षक पेशीचा लायसोसोम फाटतो, एनएलआरपी-३ चेतते आणि इंटरल्युकिन-१ बीटा सांध्यात उतरते. त्याच्या हाकेने रक्तवाहिन्या सैल होतात, न्यूट्रोफिल या लाखो पांढऱ्या पेशी सांध्यात धाव घेतात आणि पहाटेपर्यंत अंगठ्यावर चादरही सहन होत नाही. चॉप यांच्या गटाने २००६ मध्ये हे स्फटिक एनएलआरपी-३च्या वाटेनेच दाह घडवतात असे दाखवले, तेव्हा एका जुन्या आजाराला त्याचा रेणू सापडला.

रक्तात युरिक अॅसिड वाढलेल्या प्रत्येकाला गाऊट होत नाही, याचेही कारण आता लक्षात येईल. बहुधा स्फटिक हवेत आणि पहिला, तयारीचा संकेतही हवा. मद्यपान, भरपेट मांसाहार, एखादे आजारपण, शस्त्रक्रिया किंवा उन्हात पाणी कमी पडणे यानंतर झटका का येतो, ते यावरून कळते.

मग उडीद घातलेल्या कळण्याची भाकरी आणि डाळी बंद कराव्यात का?

त्याची गरज नाही. मांस, मासे आणि मद्य यांमुळे गाऊटचा धोका वाढतो असे मोठ्या पाहणीत दिसले, पण प्युरीन असलेल्या डाळी-भाज्यांमुळे तसा धोका वाढल्याचे दिसले नाही. उडदामुळे कळणे सोडणाऱ्यांनी त्याऐवजी दारू आणि साखरेची थंड पेये सोडली, तर अधिक फायदा होईल.

गाऊटवरील कोल्चिसिन कळलावीतून मिळते म्हणतात. मग सातपुड्यातील कळलावीचा कंद वापरावा का?

कदापि वापरू नये. पावसाळ्यात सातपुड्याच्या उतारांवर आणि बांधांच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी खरोखरच कोल्चिसिन बाळगते. पण तिचा कंद अत्यंत विषारी आहे. कोल्चिसिनची औषधी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे आणि कंदात ते किती आहे हे चवीने किंवा आकाराने कळत नाही. विषबाधेची सुरुवात उलट्या-जुलाबांनी होते. मग अस्थिमज्जा, मूत्रपिंडे आणि हृदय बंद पडू लागते. त्यावर सहज मिळणारा उतारा नाही. बाळंतपणासाठी कळलावी देण्याची जुनी पद्धतही तितकीच धोक्याची आहे.

कोल्चिसिन हे १८२० मध्ये पेलतिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी युरोपातील दुसऱ्या एका वनस्पतीतून वेगळे केले. ते पेशीतील सूक्ष्मनलिकांची बांधणी थांबवते. एनएलआरपी-३ आणि त्याचे जोडीदार याच नलिकांवरून एका ठिकाणी आणले जातात, शिवाय न्यूट्रोफिलना सांध्यापर्यंत सरकण्यासाठीही या नलिका लागतात. म्हणून औषध दोन्ही बाजूंनी काम करते. गोळी घेतानाही मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगावे, कारण अशा वेळी नेहमीची मात्राही विषारी ठरू शकते.

जिनिंगमध्ये काम करणाऱ्यांना सोमवारी छाती भरल्यासारखी का वाटते?

कापसाच्या बोंडांवर आणि पानांच्या चुऱ्यावर ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू वाढलेले असतात. सरकी वेगळी करताना उडणाऱ्या धुळीत त्यांचे एंडोटॉक्सिन मिसळते आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. वर सांगितलेला पहिला संकेत तो हाच. फुप्फुसातील महाभक्षक पेशी टीएलआर-४मार्फत तो घेतात आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरसारखे दाहकारक पदार्थ सोडतात. त्यांना एनएलआरपी-३ची वाट पाहावी लागत नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त जाणवणे हे कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे, आणि वर्षानुवर्षे तसेच काम केले तर श्वासनलिकांचे नुकसान कायमचे होते. तोंडाला रुमाल बांधल्याने सूक्ष्म धूळ थांबत नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि योग्य मुखपट्टी हे मालकाने पुरवायचे साधन आहे. कामगाराने आपल्या मजुरीतून विकत आणायचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खडीक्रशरच्या धुळीचेही तसेच आहे का?

तिचे गणित वेगळे आणि अधिक कठोर आहे. दगडाच्या धुळीतील स्फटिकी सिलिका हा थेट दुसरा संकेत देतो, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. महाभक्षक पेशी तो कण गिळते, पचवू शकत नाही, फुटते; कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी तो गिळते. हे चक्र थांबत नाही, म्हणून काम सोडल्यानंतरही सिलिकोसिस वाढत राहतो. फुप्फुसाला पडलेले वण बरे करणारे औषध नाही आणि अशा रुग्णाला क्षयरोग होण्याचा धोकाही जास्त असतो. दगड फोडताना पाणी मारणे हा साधा उपाय येथे कोणत्याही गोळीपेक्षा मोलाचा आहे.

सिकलसेलच्या वेदनांशी या प्रथिनाचा काय संबंध?

नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी भागांत, भिल्ल आणि पावरा समाजांत, हा आनुवंशिक आजार आढळतो. मूळ दोष हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येण्याचा आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकल पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींतून हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, सुटा होऊन रक्तात येतो. हा हीम टीएलआर-४ला चेतवू शकतो आणि एनएलआरपी-३लाही. म्हणजे दोन्ही संकेत एकाच रेणूकडून मिळू शकतात. त्यातून रक्तवाहिन्यांची अस्तरे चिकट होतात, पांढऱ्या पेशी त्यांना चिकटतात आणि वाट अडून हाडे ठणकू लागतात. थंडी, तहान आणि संसर्ग यांनी झटका का उसळतो, हे समजून घ्यायला हे चित्र उपयोगी पडते.

उपचारात मात्र आजही पुरेसे पाणी, वेदनाशमन, लसीकरण आणि डॉक्टरांनी दिले असल्यास नियमित हायड्रॉक्सियुरिया यांनाच पहिले स्थान आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून त्याचे लक्ष्य २०४७ हे वर्ष आहे. लग्नापूर्वी दोघांचीही तपासणी करून घेणे हा कोणावर ठपका ठेवण्याचा विषय नाही. वाहक व्यक्ती सहसा निरोगी आयुष्य जगते. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

उन्हाळ्यात तापणारे अंग हा दाहाचाच ताप असतो का?

भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना हा फरक माहीत असणे जीव वाचवणारे आहे. तापामध्ये इंटरल्युकिन-१ बीटासारखे रेणू मेंदूतील हायपोथॅलॅमसला संदेश देतात, तेथे प्रोस्टाग्लँडिन-ई-२ तयार होते आणि शरीर आपले तापमान मुद्दाम वर नेऊन ठेवते. पॅरासिटामॉल ही कडी तोडते, म्हणून ताप उतरतो. उष्माघातात असा आदेश दिलेला नसतो. शरीराला उष्णता बाहेर टाकणेच जमेनासे होते आणि आतले तापमान ४० अंशांच्या पुढे जाते. तेथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, उलट यकृतावर ताण येऊ शकतो. माणसाला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. उष्माघातात आतड्याचे अस्तर कमकुवत होऊन एंडोटॉक्सिन रक्तात झिरपू शकते, त्यामुळे अंग थंड झाल्यावरही दाह भडकू शकतो आणि रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवावे लागते.

या जनुकातच दोष असेल तर काय होते?

काही मोजक्या कुटुंबांत एनएलआरपी-३चे उत्परिवर्तन असते. मोटरीच्या उदाहरणात सांगायचे, तर त्यांच्या स्टार्टरला कायमचा ऑटो बसवलेला आहे. लाइट आली की कोणी बटण न दाबताही मोटर चालू होते. अशा रुग्णांच्या मोनोसाइट पेशी केवळ पहिल्या संकेतावर इंटरल्युकिन-१ बीटा सोडतात. लहानपणापासून ताप, अंगावर गांधीसारखे पुरळ, सांधेदुखी, लाल डोळे आणि काहींना पुढे बहिरेपणही येते. सौम्य प्रकारात थंडी लागल्यानंतर काही तासांत झटका येतो. इंटरल्युकिन-१ अडवणारी अॅनाकिन्रा, रिलोनासेप्ट आणि कॅनाकिनुमॅब ही औषधे दिल्यावर यांतील अनेकांची लक्षणे थोड्याच दिवसांत ओसरतात. एका रेणूला रोखले आणि संपूर्ण आजार मावळला, याहून स्पष्ट पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो.

हृदयविकारातही हेच प्रथिन कारण आहे का?

काही अंशी. धमनीच्या भिंतीत साचलेल्या कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म स्फटिक एनएलआरपी-३ला चेतवतात, हे २०१० मध्ये दिसले. त्यानंतर २०१७ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवरील कॅन्टोस या चाचणीत, कॅनाकिनुमॅबच्या १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने पुढील गंभीर घटना १५ टक्क्यांनी कमी केल्या, आणि तेही वाईट कोलेस्टेरॉल न घटवता. मात्र जीवघेण्या संसर्गांचे प्रमाण वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. रोज ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसिनने जुन्या हृदयरुग्णांतील अशा गंभीर घटनांत ३१ टक्के घट २०२० मध्ये दिसली. पण झटक्यानंतर लगेच ते सुरू केलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फायदा आढळला नाही. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे यांना पर्याय म्हणून कोणी ही गोळी सुचवत असेल, तर ती घेऊ नये.

रक्ताच्या तपासणीत एनएलआरपी-३ कळते का?

नेहमीच्या लॅबमध्ये नाही. तेथे दाहाची खूण म्हणून सीआरपी हे प्रथिन मोजतात. ते यकृतात तयार होते. त्यासाठीचा आदेश मुख्यतः इंटरल्युकिन-६ देते आणि त्याच्यामागे पुष्कळदा इंटरल्युकिन-१ असते. त्यामुळे वाढलेली सीआरपी ‘कोठे तरी दाह आहे’ एवढेच सांगते, तो कोठे आणि कशामुळे आहे हे सांगत नाही.

हळद हे प्रथिन थांबवते का?

हळदीतील कर्क्युमिन उंदराच्या पेशींवर टाकल्यास इन्फ्लमासोमचे काम कमी होते. पण कर्क्युमिन आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि यकृत ते लगेच निकामी करते, म्हणून भाजीतल्या किंवा दुधातल्या हळदीने तेवढे प्रमाण पेशींपर्यंत पोहोचत नाही. हळद खुशाल खावी. बिनालेबलच्या ‘देशी’ पुड्यांनी सांधे दोन दिवसांत मोकळे होत असतील, तर त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी.

मग हे प्रथिन पूर्ण बंद करणारे औषध का देत नाहीत?

दोन कारणे आहेत. पहिले औषधाचे. एमसीसी-९५० हा रेणू एनएलआरपी-३च्या मधल्या भागात घट्ट बसून त्याला निष्क्रिय आकारातच कुलूपबंद करतो, हे २०१५ पासून प्रयोगशाळांत असंख्य वेळा पाहिले गेले, पण यकृतावरील परिणामांमुळे तो रुग्णांपर्यंत पोहोचला नाही. डॅपान्सुट्राइलसारख्या इतर रेणूंच्या चाचण्या गाऊटच्या रुग्णांवर झाल्या आहेत. दुसरे कारण शरीराचे. इंटरल्युकिन-१चा मार्ग जिवाणू, बुरशी आणि क्षयाचे जंतू यांना आवर घालायला लागतो. आपल्याकडे क्षयरोग घराघरांत परिचित असल्यामुळे, दाहरोधक जैविक औषध सुरू करण्यापूर्वी त्याची तपासणी करणे ही औपचारिकता समजू नये. फक्त एनएलआरपी-३ अडवले तर जंतू ओळखणारे इतर इन्फ्लमासोम काम करत राहतील, या आशेवरच नव्या औषधांचा सारा भर आहे.

एमएस्सीच्या प्रकल्पात हे कसे पाहता येईल?

उंदराच्या अस्थिमज्जेपासून साधारण आठवडाभरात वाढवलेल्या महाभक्षक पेशी किंवा टीएचपी-१ ही मानवी पेशीमालिका वापरतात. प्रथम तीन-चार तास एंडोटॉक्सिन, मग अर्धा तास ५ मिलिमोलर एटीपी किंवा साधारण तासभर नायजेरिसिन (पेशीतील पोटॅशियम बाहेर काढणारे रसायन). त्यानंतर पेशी आणि वरचा द्रव वेगळे करून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिने आकारानुसार वेगळी करून ओळखण्याची चाचणी) चालवतात. पेशींच्या रकान्यात ३१ किलोडाल्टनवर जाड पट्टी आणि द्रवाच्या रकान्यात १७वर पट्टी आली, तर कातरण झाले. फक्त एंडोटॉक्सिन दिलेल्या रकान्यात १७ची पट्टी जवळजवळ दिसू नये. दिसली तर प्रयोग पुन्हा करावा. एएससीला हिरवा चमकणारा रंग लावला असेल, तर आधी सगळी पेशी मंद हिरवी दिसते आणि नायजेरिसिननंतर तो रंग आवळत जाऊन केंद्रकाशेजारी एकच तेजस्वी ठिपका उरतो.

द्रवातील प्रथिनाचे प्रमाण मोजणाऱ्या एलायझा या एकट्या चाचणीवर विसंबू नये. अनेक किट कच्चे आणि कापलेले रूप वेगळे ओळखत नाहीत, त्यामुळे पेशी दुसऱ्याच कारणाने मेल्या असल्या तरी आकडा वाढतो. एमसीसी-९५० घातलेला नमुना सोबत ठेवला आणि त्यात आकडा पडला, तरच श्रेय एनएलआरपी-३ला द्यावे.

लहान मुलाला जंतू न सापडता वारंवार ताप येतो. कोणाकडे आणि काय घेऊन जावे?

प्रथम बालरोगतज्ज्ञांकडे जावे. वारंवार येणाऱ्या तापाची बहुतेक कारणे साधी असतात: विषाणूंचे संसर्ग, मूत्रमार्गाचा संसर्ग, मलेरिया, टायफॉइड, क्षय. ती आधी तपासली जातात आणि तोच क्रम बरोबर आहे. जनुकीय तपासणीची वेळ त्यानंतर येते आणि ती सहसा मुंबई-पुण्यातील मोठ्या केंद्रांत होते. जाताना प्रत्येक वेळचा ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, किती चढला, किती दिवस राहिला, आधी थंडी लागली होती का, याची वहीतली नोंद न्यावी. पुरळ उठलेले असतानाचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते बहुधा मावळलेले असते. घरात कोणाला तरुणपणी बहिरेपण आले असल्यास तेही सांगावे. ताप चढलेला असतानाची सीआरपी आणि मूल बरे असतानाची सीआरपी असे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवता आले, तर तज्ज्ञाचे काम बरेच सोपे होते.